दातांची निगा राखणारी ताई : डेंटल हायजिनिस्टचे काम आणि जबाबदारी

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायाबापड्या दारातल्या चपलांच्या ढिगातून आपापल्या चपला शोधू लागल्या. तेवढ्यात एक भगिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. दिवसभर दोन ऑफिसांत साफसफाईचे काम करून घर चालवणारी बाई. म्हणाल्या, "ताई, तुमची सगळी नोकरी दाताच्या दवाखान्यात गेली, म्हणून तुम्हालाच विचारते. पोरगी बारावी सायन्सला एकसष्ट टक्क्यांनी पास झाली. नीटमध्ये नंबर लागला नाही. तिच्या मैत्रिणीने तिला डेंटल हायजिनिस्ट म्हणून दोन वर्षांचा कोर्स सांगितलाय. हे काय असतं? दात घासून देणारी बाई का?"

मी उत्तर देणार तोच त्यांनी खरी अडचण सांगितली. "घरी यांच्या कानावर घातलं, तर यांनी ताटच पुढे सरकवलं. म्हणाले, माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. बापानं मुंबईला येऊन गटारं उपसली. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते सगळं, ते काय माझ्या पोरीनं लोकांच्या तोंडातली घाण काढावी म्हणून?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे, मृतमांस खाणे सोडून द्या असे आपल्या आजा-पणजांना बजावले आणि गावोगावच्या लोकांनी मार खाऊन, बहिष्कार सोसून ते सोडले. त्या घरातला बाप आपल्या लेकीच्या शिक्षणाबद्दल असा चटका लागल्यासारखा बोलतो, त्यामागे तीन पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून त्या माउलीला विहाराच्या ओट्यावर बसून जे सांगितले, ते जरा विस्ताराने इथे लिहीत आहे. बारावीचे निकाल लागले की असे प्रश्न पुष्कळ घरांत पडतात.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे दाताच्या दवाखान्यात पांढऱ्या कोटातली जी कोणी मुलगी दिसेल तिला लोक सरसकट "सिस्टर" म्हणतात. त्यात कोणी नाव लिहून घेणारी असते, कोणी डॉक्टरांच्या हाताशी साहित्य देणारी असते. डेंटल हायजिनिस्ट ही त्यांच्यापेक्षा वेगळी. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदा झाला. त्यात तीन प्रकारच्या माणसांची व्याख्या आहे. एक दंतवैद्य. दुसरा डेंटल मेकॅनिक, म्हणजे कवळ्या आणि दाताची इतर साधने बनवणारा व दुरुस्त करणारा. तिसरी डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे स्वतः दंतवैद्य किंवा डॉक्टर नसताना दातांवरचे कीटण काढणारी, दात साफ करून गुळगुळीत करणारी किंवा दातांची निगा कशी राखावी याचे शिक्षण देणारी व्यक्ती. हायजिनिस्टची नोंद राज्याच्या दंत परिषदेच्या नोंदवहीत व्हावी लागते. म्हणजे जसे वकिलाचे किंवा डॉक्टरचे नाव नोंदलेले असते तसेच.

हा कायदा झाला तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. अर्थात विषय आरोग्य खात्याचा, आणि त्या खात्याच्या मंत्री राजकुमारी अमृत कौर. तेव्हा ओढूनताणून श्रेय जोडण्याची गरज नाही. बाबासाहेबांना तसल्या श्रेयाची वाण नाही. २०२३ साली संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीचे नियम काय आहेत ते कॉलेजात विचारून घ्यावे.

शिक्षण असे : फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेऊन बारावी, आणि त्यानंतर दोन वर्षांचा डिप्लोमा. शरीररचना, दातांची रचना, जंतुशास्त्र, औषधांची माहिती, हत्यारे निर्जंतुक करण्याच्या पद्धती, सार्वजनिक आरोग्य असे विषय असतात, आणि खुर्चीपाशी उभे राहून प्रत्यक्ष काम करावे लागते. मुलगेही हा कोर्स करू शकतात. मी "ती" असे लिहिते आहे ते सवयीने.

खुर्चीवर काय चालते

काम कसे चालते ते सांगते, म्हणजे "दात घासून देणारी" हा गैरसमज निघून जाईल.

पेशंट खुर्चीवर बसला की हायजिनिस्टने आधी हत्याराला हात लावायचा नाही. आधी विचारायचे. साखर आहे का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, कावीळ होऊन गेली का, बाई असेल तर दिवस गेलेले आहेत का. आपली माणसे म्हणतात, "दाताला आलोय, हृदयाचं काय विचारता?" पण रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याच्या हिरडीतून रक्त आले तर ते लवकर थांबत नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल तर हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू त्या झडपेवर जाऊन बसण्याचा धोका असतो, आणि म्हणून डॉक्टर आधी औषध देतात. हे न विचारता मशीन चालवणारी मुलगी, तिचा हात कितीही सफाईदार असो, पेशंटचा जीव धोक्यात घालते.

मग तोंड पाहायचे. नुसते दात नव्हे. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू, सगळे पाहायचे. बारीक खुणा असलेली एक सळई असते, ती हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद घालून फट किती खोल आहे ते मोजायचे. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर असते. त्यापेक्षा जास्त भरली तर रोग आत उतरू लागला असे समजून डॉक्टरांना दाखवायचे आणि कागदावर नोंद करायची. ही नोंद फार महत्त्वाची. सहा महिन्यांनी पेशंट परत आला की सुधारणा झाली की बिघाड, ते त्या कागदावरूनच कळते.

त्यानंतर कीटण काढणे. आपण जेवतो, त्यातून दातावर एक चिकट थर बसतो. तो थर जंतूंनी भरलेला असतो. रोज नीट घासला तर निघून जातो, राहिला तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. तेच कीटण. एकदा कडक झाले की ब्रशाने, मिठाने, राखुंडीने कशानेही निघत नाही. उलट जोरजोरात घासून दातच झिजतो. ते काढायला मशीनचे टोक असते, ते सेकंदाला हजारो वेळा कंप पावते आणि सोबत पाण्याची धार असते. बारीक जागी हाताची हत्यारे वापरावी लागतात. शेवटी रबराच्या फिरत्या कपाने दात गुळगुळीत करायचे, म्हणजे नवा थर लवकर चिकटत नाही.

इथे आपल्या वस्त्यांमधला सर्वांत मोठा गैरसमज सांगते. "मशीननं साफ केले की दात हलायला लागतात." माझ्या नोकरीत हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, गणती नाही. खरी गोष्ट अशी की वर्षानुवर्षे हिरडी खाली सरकलेली असते, हाड झिजलेले असते आणि कीटणाचा दगड सिमेंटसारखा दातांना एकमेकांत धरून असतो. तो काढल्यावर दात मुळात किती ढिले झाले होते ते कळते. ही हकीकत साफ करण्याच्या आधी पेशंटला समजावून सांगणे, हे हायजिनिस्टचे कर्तव्य आहे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

आणि मग शिकवणे. माझ्या मते हाच या कामाचा गाभा आहे, आणि आपल्याकडे याचीच सर्वांत जास्त हयगय होते. ब्रश कसा धरायचा, हिरडीच्या कडेला तिरपा कसा लावायचा, रात्री झोपताना का घासायचे, लहान मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट का द्यायची, बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून का झोपवायचे नाही. गरोदर बाईच्या हिरड्या सुजतात, रक्त येते, आणि सासू म्हणते की दिवस गेले की दाताला ब्रश लावू नये. साखरेच्या रोग्याच्या हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर ताब्यात ठेवणे अवघड जाते. हे सगळे समोरच्याच्या भाषेत, त्याला न लाजवता सांगता आले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांतल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी असतात. ते पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराईडमुळे. ते डाग कीटण नव्हेत आणि घासून जात नाहीत. त्या मुलाला "दात घासत नाहीस का रे?" म्हणून वर्गात ओरडा बसतो. ओळखणारी हायजिनिस्ट असेल तर त्याच्यावरचा तो आळ जातो.

काय करायचे नाही तेही ठरलेले आहे. दात काढायचा नाही, किडलेल्या दाढेत सिमेंट भरायचे नाही, इंजेक्शन द्यायचे नाही, औषध लिहून द्यायचे नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत हायजिनिस्ट बधिर करण्याचे इंजेक्शन देऊ शकतात, आपल्याकडे नाही. डॉक्टर बाहेर गेले आणि पेशंट घाईला आला, "तूच काढ ना दाढ, तुला येतंय," असे म्हणाला, तरी "नाही" म्हणणे ही या व्यवसायातली मोठी जबाबदारी.

शाळेतल्या मुलांपासून सुरुवात

या व्यवसायाचा जन्मही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तिथे आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. रोग झाल्यावर दात उपटत बसण्यापेक्षा तो होऊच नये यासाठी कोणी शिकलेले माणूस हवे, असे त्यांचे मत. १९०६ साली त्यांनी आपल्या दवाखान्यातली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करण्याचे शिक्षण दिले. पुढे नोव्हेंबर १९१३ मध्ये त्यांनी पहिला वर्ग सुरू केला. त्यात शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या. १९१४ साली २७ जणी शिकून बाहेर पडल्या आणि त्यातल्या बऱ्याच जणी ब्रिजपोर्टच्या सरकारी शाळांत मुलांचे दात साफ करायला आणि त्यांना ब्रश करायला शिकवायला लागल्या. १९१७ साली आयरीन न्यूमन यांना या कामाचा पहिला परवाना मिळाला.

जाता जाता आठवण होते. त्याच १९१३ च्या जुलैमध्ये आपले बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला उतरले होते. ब्रिजपोर्ट तिथून फार लांब नाही. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण बायकांनी शिकून कामगारांच्या मुलांचे आरोग्य राखण्याचा हा उद्योग बाबासाहेबांना पाहायला मिळाला असता तर आवडला असता असे मला वाटते. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, मुलांना शिकवा असे सांगितले. या तिन्ही गोष्टी दातांच्या खुर्चीपाशी एकत्र येतात.

घाण कशाला म्हणावे

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भिक्खू दात घासत नव्हते आणि त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येत होती. ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. दंतकाष्ठ न वापरल्याचे पाच तोटे त्यांनी सांगितले : डोळ्यांना हितकर नाही, तोंडाला वास येतो, चव कळणाऱ्या वाहिन्या शुद्ध होत नाहीत, अन्नाला पित्त आणि कफ लपेटतात, आणि जेवण गोड लागत नाही. मग त्यांनी दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली. पुढची गंमत अशी की काही दांडगट भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्याच काड्यांनी श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा नियम झाला, काडी आठ बोटांपेक्षा लांब नको. मग एकाने इतकी आखूड काडी घेतली की ती घशात अडकली. तेव्हा दुसरा नियम झाला, चार बोटांपेक्षा आखूड नको. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना मला दरवेळी दवाखान्यातल्या सूचनांचा फळा आठवतो. एवढ्या मोठ्या धम्माच्या शास्त्याला दात घासण्याच्या काडीची लांबी ठरवणे कमीपणाचे वाटले नाही.

महावग्गात दुसरा प्रसंग आहे, तो पुष्कळांना ठाऊक आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजवले. आणि मग रोग्याची सेवा करणारा कसा असावा त्याचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय ते कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती काढण्याची त्याला किळस नसावी, आणि रोग्याला चांगल्या शब्दांनी उमेद देता यावी.

यात थुंकी काढणे आहे, पण त्याच्या आधी औषधाचे ज्ञान आणि पथ्याची समज आहे. मी त्या माउलीला हेच सांगितले. तुमच्या मालकांच्या आज्याला मेलेले ढोर ओढायला लावले तेव्हा त्याला कोणी विचारले होते का? शिकवले होते का? हातमोजे दिले होते? जन्मावरून काम बांधले आणि ते काम केले म्हणून पुन्हा त्यालाच विटाळ म्हटले. माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले, तरी आपली माणसे गटारात मरतात. त्या कामाला नकार देणे हाच स्वाभिमान आहे.

हायजिनिस्टचे काम तसे बांधलेले नाही. कोणत्याही जातीची, कोणत्याही धर्माची मुलगी ते शिकते आणि शिकल्याशिवाय कोणालाच करता येत नाही. माझ्या दवाखान्यात चांगल्या खात्यापित्या घरच्या मुली हे शिकायला येत. त्यांच्या आईबापांना यात घाण दिसली नाही. तोंडात मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, प्रत्येक पेशंटला नवा जोड. हिपॅटायटिस-बी च्या काविळीची लस आधी घ्यायची, तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. या गोष्टी मागणे हा तिचा हक्क आहे, आणि मालक डॉक्टर देत नसेल तर त्या खुर्चीपाशी उभे राहायचे नाही.

या संरक्षणाची दुसरी बाजू पेशंटची. एकाच्या तोंडातले हत्यार दुसऱ्याच्या तोंडात जाण्याआधी धुऊन, पिशवीत बंद करून, ऑटोक्लेव्हमध्ये घालावे लागते. हे यंत्र म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंश तापमानाच्या वाफेत साधारण पंधरा-वीस मिनिटे हत्यार राहिले पाहिजे. नुसत्या उकळत्या पाण्याने किंवा स्पिरीटच्या बोळ्याने भागत नाही. बाहेर गर्दी आहे, डॉक्टर "लवकर आण" म्हणून ओरडताहेत आणि यंत्राची पाच मिनिटे बाकी आहेत. त्या पाच मिनिटांत हायजिनिस्टची खरी परीक्षा असते. कोणी पाहत नसते. पेशंटला तर काहीच कळत नाही.

मिशरी

आपल्या घरांसाठी या कामाचे महत्त्व कशात आहे, ते या एका शब्दात आहे. तंबाखू तव्यावर भाजायची, काळी करून कुटायची आणि दाताला लावायची. माझ्या आईने लावली, तुमच्यापैकी पुष्कळांच्या आयांनी लावली. दात दुखतो म्हणून सुरू होते, मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, मग दुपारी, मग भांडी घासून झाल्यावर. बायकांना वाटते हे दंतमंजन आहे, व्यसन नव्हे. व्यसनमुक्तीच्या सभेत दारूवर भाषणे होतात आणि पहिल्या रांगेतल्या आज्यांच्या कनवटीला मिशरीची डबी असते. आपण बावीस प्रतिज्ञांचे लोक, पण या डबीकडे आपले लक्ष गेलेले नाही. पुरुषांचे मावा, गुटखा, खैनी तर उघडच आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे.

तंबाखू जिथे रोज लागते तिथे गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा उठतो. तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. सुपारीच्या सवयीने गाल आतून ताठ होतात, तिखट झोंबते आणि तोंड उघडेनासे होते. हिरडीवरची किंवा जिभेवरची जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर थांबायचे नाही. कॅन्सर लहान असताना सापडला तर माणूस वाचण्याची आशा पुष्कळ असते, गळ्यात गाठी आल्यावर सापडला तर फार कमी. डॉक्टरकडे कोणी चट्टा दाखवायला जात नाही. पण कीटण काढायला म्हणून आलेल्या बाईचा गाल बाजूला सारून पाहणारी हायजिनिस्ट असेल, तर तो चट्टा तिलाच आधी दिसतो. तिने रोगाचे नाव घेऊन घाबरवायचे नाही, निदान करणे तिचे काम नाही. "मावशी, हे डॉक्टरांना दाखवूनच घरी जायचं," एवढे ठामपणे म्हणायचे आणि बाईला हाताला धरून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत न्यायचे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे, ती लिहून द्यायची. पुढच्या खेपेला "किती दिवस सुटली?" म्हणून आठवणीने विचारायचे.

पोटापाण्याचे खरे काय

गोडगोड बोलून कोणाच्या मुलीची दोन वर्षे वाया घालवायची नाहीत, म्हणून हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजे आहेत आणि तिथून दरवर्षी हजारो दंतवैद्य बाहेर पडतात. दवाखान्यात कीटण काढण्याचे काम बहुधा हे नवे डॉक्टरच करतात. त्यामुळे हायजिनिस्टच्या जागा थोड्या. रेल्वेच्या २०२४ सालच्या पॅरामेडिकल भरतीत तेराशेहून अधिक जागांमध्ये डेंटल हायजिनिस्टच्या अवघ्या तीन होत्या. मोठी सरकारी रुग्णालये, कॉलेजे, सैन्यदलाचे दंत विभाग इथे पदे असतात. मोठ्या शहरांत काही खाजगी दवाखाने चांगली हायजिनिस्ट शोधत असतात. पण पुष्कळ दवाखाने दहावी झालेल्या मुलीला महिनाभर शिकवून मशीन हातात देतात आणि तिला मदतनिसाचा पगार देतात. ते कायद्याला धरून नाही आणि पेशंटच्या हिताचेही नाही. परदेशात या कामाला चांगला पैसा आहे हे खरे, पण इथला डिप्लोमा घेऊन अमेरिकेत थेट काम करता येत नाही. तिथले शिक्षण आणि तिथली परीक्षा पुन्हा द्यावी लागते. "फॉरेनला पाठवतो" म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहावे.

आणखी एक सावधगिरी. नाक्यानाक्यावर "डेंटल असिस्टंट", "ओरल हायजीन" असली सर्टिफिकिटे देणारे वर्ग निघाले आहेत. सहा महिन्यांत कोर्स, नोकरीची हमी. फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा : या कोर्सनंतर माझ्या मुलीचे नाव राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत हायजिनिस्ट म्हणून लागेल का? उत्तर गुळमुळीत आले तर उठून यायचे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या ऑफिसात जाऊन चौकशी करणे केव्हाही चांगले. चौकशीला पैसे पडत नाहीत. कोर्स मान्यताप्राप्त असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचीही चौकशी करावी. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, ऐनवेळी तलाठ्याच्या दारात उभे राहण्याची पाळी नको.

आणि मुलीला पुन्हा नीट देऊन बी.डी.एस. ला जायची जिद्द असेल, तर तिला एक वर्ष द्या, असेही मी त्या माउलीला म्हणाले. हायजिनिस्ट होणे कमीपणाचे नाही, पण "आपल्याला एवढेच जमेल" म्हणून कोणी तिकडे ढकलत असेल तर ते ऐकू नये. ठरवायचे तिने.

पुढच्या रविवारी त्या बाई वंदनेला आल्या तेव्हा सोबत मुलगीही होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट. मुलगी म्हणाली, "बाबा म्हणाले, आधी मी स्वतः जाऊन कॉलेज बघतो, मग बोलू. सोमवारी सुट्टी टाकलीय त्यांनी." मग आईकडे पाहून हळूच म्हणाली, "आणि आजीलापण नेतोय. तिच्या गालात आत पांढरं दिसतंय. मी काल रात्री बॅटरी लावून बघितलं."